चिंध्या आहेत, धड कापड कुठंय?

या वेळचं पत्र आधी थोडक्यात देते, बरंच मोठं होतं म्हणून जरा कापलंय.

"ताई, मी ३१ वर्षांची, इंदिरानगरला राहते, अंबडला एका ऑटो पार्ट्सच्या कंपनीत क्वालिटीला आहे. गेल्या ७ वर्षांत मी तबला शिकले (प्रारंभिकची परीक्षा महिन्यावर आली आणि क्लास सोडला), जपानी शिकले (एन-५ ही पहिली पातळी पास झाले, वरच्या एन-४ चा फॉर्म भरला आणि परीक्षेला गेलेच नाही), घरी मशरूम लावले (दोनदा छान आले, मग बंद), कापडावर ठसे मारून ब्लॉक प्रिंटिंग केलं (एका ओळखीच्या बाई म्हणाल्या प्रदर्शनात स्टॉल घे, तेव्हापासून ठशांना हात लावलेला नाही), थंडीत नांदूर मधमेश्वरला पक्षी बघायला जाते आणि आता रात्री जागून पायथन ही कॉम्प्युटर प्रोग्रामिंगची भाषा शिकतेय. सगळं मिळून ७० हजार तरी गेले असतील. बाबा म्हणतात, एक ना धड भाराभर चिंध्या. नवरा काही बोलत नाही, पण परवा गणपतीचं मखर काढताना माळ्यावरून डग्ग्याची पिशवी खाली आली आणि तो माझ्याकडे बघून नुसता हसला, मला रडूच आलं. यातलं नेमकं कुठलं एक धरू? बाकीचं विकून टाकू का? — अर्धवट, नाशिक"

अगं, पहिलं म्हणजे सही बदल. तुला अर्धवट म्हणून मी उत्तर लिहिणार नाही, नुसतं तू म्हणते.

आणि विकू नकोस काही. निदान हे वाचून होईपर्यंत तरी.

बाबांच्या त्या म्हणीपासून सुरुवात करते, कारण माझ्याकडे समुपदेशनाला येणाऱ्या कितीतरी जणांना ती घरात ऐकायला मिळालेली असते आणि सगळ्यांना त्यातल्या चिंध्याच लागतात मनाला. माझी आजी सिन्नरची, ती गोधड्या शिवायची. उन्हाळ्यात दुपारची ओसरीवर बसायची. आधी एक जुनं नऊवारी लुगडं दुमडून जमिनीवर अंथरायचं, चार कोपऱ्यांवर चार दगड ठेवायचे म्हणजे ते ताणून राहतं, मग त्यावर गाठोड्यातले तुकडे मांडायचे, कुणाच्या सदऱ्याची बाही, परकराचा घेर, आजोबांच्या धोतराचा काठ, आणि हाताने सुरकुत्या मोडत मोडत कडेकडेने धावदोरा घालत आत मध्यापर्यंत यायचं. तुकडे कधीच कमी पडले नाहीत तिला. अडायचं ते लुगड्यापाशी. खालचं लुगडं विरलेलं असेल तर ती म्हणायची यावर टाका धरणार नाही, आणि मग चांगलं लुगडं मिळेपर्यंत ते गाठोडं तसंच पडून राहायचं, महिनोन् महिने.

म्हणजे बघ, म्हणीत तक्रार कशाची आहे? "एक ना धड." चिंध्या भाराभर आहेत ही तक्रार नंतरची, आधीची तक्रार एकही कापड धड नाही ही आहे. तू मला विचारतेस यातली कुठली चिंधी ठेवू आणि बाकीच्या टाकू, आणि मला वाटतं प्रश्नच तिथे चुकतोय. तुकडे आहेत तेवढे असू देत, खाली अंथरायला एक धड कापड आहे का ते आपण शोधू.

पण त्याआधी दोन गोष्टी स्वभावाबद्दल, कारण तुझ्या पत्रात "माझ्यात काहीतरी खोट आहे" असं तीनदा आलंय.

मानसशास्त्रात माणसाचा स्वभाव पाच मोठ्या गुणांवर मोजतात, त्यातला एक म्हणजे नव्या अनुभवांसाठीचा मोकळेपणा. कुणात तो जास्त असतो, कुणात कमी, काही अंशी जन्मतःच येतो आणि मोठेपणी फारसा हलत नाही. तुझ्यात तो भरपूर आहे, इतकंच. चिकाटी हा त्याच पाचांतला दुसरा, वेगळा गुण. एक जास्त म्हणजे दुसरा कमी असं अजिबात नाही, आणि तू ७ वर्षं एका कंपनीत मायक्रॉनमध्ये मापं घेतेस म्हणजे चिकाटी तुझ्यात आहे हे मला वेगळं सांगायला नको.

दुसरं, मजा वाटते म्हणजे नेमकं काय होतं यावर पॉल सिल्व्हिया नावाच्या मानसशास्त्रज्ञांनी बरंच काम केलंय. त्यांचं म्हणणं ढोबळपणे असं की एखादी गोष्ट नवी किंवा गुंतागुंतीची वाटली आणि त्याच वेळी "हे मला समजू शकेल" असंही वाटलं की रुची जागी होते. दोन्ही लागतं. नुसतं नवं असेल आणि झेपणार नाही असं वाटलं तर माणूस गोंधळतो, झेपतं पण नवं काही उरलं नाही तर कंटाळतो. आता तुझं तबल्याचं पहिलं वर्ष आठव, "ना" आणि "तिं" वेगवेगळे ऐकू यायला लागतात, तीनतालाच्या सोळा मात्रा बोटांवर बसतात, दर आठवड्याला काहीतरी नवं जमतं. दुसऱ्या वर्षी तोच कायदा (बोलांची ठरलेली रचना) महिनाभर घासायचा आणि फरक तुला स्वतःलाही कळत नाही. शिकण्याचा वेग सगळ्यांचाच तिथे मंदावतो गं, पण ज्याला पुढच्या दारात नवं काहीतरी दिसतं त्याचे पाय आधी हलतात.

आणि अजून एक, "आपली खरी आवड शोधा" हे जे सगळीकडे सांगतात ना, त्यानेही नुकसान होतं. पॉल ओकीफ, कॅरल ड्वेक आणि ग्रेगरी वॉल्टन यांनी २०१८ मध्ये यावर अभ्यास छापला. आवड ही आत कुठेतरी तयार असते, फक्त सापडायची असते असं मानणारी माणसं विषय अवघड झाला की जास्त पटकन सोडतात, कारण त्यांना वाटतं अवघड जातंय म्हणजे ही माझी नव्हतीच. आवड हळूहळू वाढवायची असते असं मानणारी त्यामानाने टिकतात. तू पत्रात लिहिलंयस, "प्रत्येक वेळी वाटतं हीच ती, आणि मग वाटतं ही पण नव्हती." म्हणून सांगितलं.

आता खरा मुद्दा, आणि इथे मी जरा स्पष्ट बोलणार आहे, राग मानू नकोस.

तू काय काय सोडलंस यापेक्षा कुठे सोडलंस ते मी तुझ्या पत्रात पेन्सिलने खुणा करत वाचलं. मशरूम: दोनदा आले, तुला कळलं कसे येतात, बंद. हे सोडणं नाहीच, तुला जेवढं हवं होतं तेवढं मिळालं आणि पोट भरलं. कुणी पाहुणा जेवून उठला तर आपण त्याला ताट अर्धवट टाकलं म्हणतो का? पण बाकीचे तीन बघ. तबला, परीक्षेच्या महिनाभर आधी. एन-४, परीक्षेच्या दिवशी. ठसे, कुणीतरी स्टॉल घे म्हटल्याच्या दिवसापासून. तिन्ही ठिकाणी तू कंटाळून गेलेली नाहीस, तिन्ही ठिकाणी कुणीतरी आता तुझं काम बघणार होतं आणि त्याला माप लावणार होतं. दिवसभर तू दुसऱ्यांच्या कामाला माप लावतेस, पास की रिजेक्ट ते ठरवतेस, मग स्वतःचं काम तसं टेबलावर ठेवायची भीती वाटणं मला अगदी समजू शकतं. पण ती भीती आहे. तिला "मला खूप आवडी आहेत" असं नाव दिलंस तर ती कायम लपून राहील, आणि पायथनचंही तेच होईल, ज्या दिवशी तुझा प्रोग्राम कुणीतरी उघडून बघणार असेल त्या दिवशी तुला मातीची भांडी शिकायची हुक्की येईल.

म्हणून पोट भरल्यामुळे सुटलेल्या गोष्टींबद्दल अपराधी वाटून घेणं आजपासून बंद. आणि भीतीमुळे सुटलेल्यांपैकी फक्त एक उचल. मी ठसे म्हणेन. स्टॉल नको लगेच. सहा रुमाल छाप आणि सहा जणींना दे, त्यातली एक अशी असू दे जी तोंडावर खरं बोलते. एवढंच.

ही बाजू तुझ्यापुरती. काही जणांच्या बाबतीत गोष्ट याहून वेगळी असते आणि तेही इथे सांगायला हवं, कारण हे सदर बरेच जण वाचतात. लहानपणापासून कुठलंच काम हातात टिकत नाही, बिलं राहतात, वस्तू हरवतात, नोकरीत त्याचा त्रास होतोय, किंवा मधेच काही दिवस झोपच नको वाटते आणि धडाधड पैसे खर्च होतात, असं असेल तर तो आवडींचा प्रश्न नसू शकतो, मानसोपचारतज्ज्ञांना एकदा भेटा. तुझ्या पत्रात मला तसं काही दिसलं नाही.

धड कापडाकडे येते. आपल्या नाशिकमधलंच उदाहरण देते, आणि मला ते फार जवळचं वाटतं. पांडवलेण्याच्या पायथ्याशी फाळके स्मारक आहे, तिथे तू शाळेच्या सहलीत नक्की गेली असशील. दादासाहेब फाळके १८७० साली त्र्यंबकेश्वरला जन्मले. जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये चित्रकला, मग बडोद्याच्या कलाभवनात आणखी शिक्षण, तिथे फोटोग्राफीचा नाद, गोध्र्याला फोटो स्टुडिओ, मग पुरातत्त्व खात्यात ड्राफ्ट्समन आणि फोटोग्राफर, मग लोणावळ्याला छापखाना, रंगीत छपाई समजून घ्यायला जर्मनीची वारी, मधेच जादूचे प्रयोग, तेही स्वतःचं आडनाव उलटं करून "प्रोफेसर केल्फा" या नावाने. शेवटी भागीदारांशी बिनसलं आणि छापखानाही सुटला. चाळिशीच्या त्या माणसाकडे १९११ च्या सुरुवातीला शेजारपाजारच्यांनी कसं बघितलं असेल याचा विचार कर. त्या वर्षी त्यांनी मुंबईत येशूच्या आयुष्यावरचा चित्रपट बघितला, १९१२ ला लंडनला जाऊन तंत्र शिकून आले, आणि ३ मे १९१३ ला राजा हरिश्चंद्र लागला. त्या एका कामात चित्रकार लागला, फोटोग्राफर लागला, छपाईतली रसायनं ओळखणारा लागला, पडद्यावर माणूस अदृश्य करायला जादूगारही लागला. सगळे तुकडे तेच होते. लुगडं १९११ ला मिळालं.

एका फाळक्यांवरून सगळ्यांचे तुकडे जुळतातच असं मी म्हणणार नाही, ज्यांचे नाही जुळले त्यांची स्मारकं होत नाहीत. आणि त्या पहिल्या चित्रपटापायी विम्याची पॉलिसी गहाण पडली, सरस्वतीबाईंचे दागिने गेले, रात्री फिल्म धुण्यापासून सगळ्या मंडळींच्या स्वयंपाकापर्यंत त्या माऊलीने केलं, हेही त्याच गोष्टीत आहे. मला त्यातून तुझ्यासाठी एक वेगळीच गोष्ट घ्यायचीय. पैसे उभे करायच्या आधी त्यांनी वाटाण्याचं रोप कसं उगवतं याची छोटीशी फिल्म केली होती, कॅमेरा एका जागी ठेवून, रोज थोडं थोडं, महिनाभर. एक कुंडी, एक रोप. आधी तेवढं लोकांना दाखवलं आणि मग पुढचं मागितलं.

तुझं लुगडं मला तुझ्या नोकरीत दिसतंय, आणि हे वाचून तुझा विरस होईल हेही माहितीये, कारण आपल्याला वाटतं नोकरी एकीकडे आणि आवडी म्हणजे त्यातून सुटका. पण तुझ्या सगळ्या आवडींत एकच डोळा आहे गं. पत्रात तू सँडपायपर पक्ष्यांच्या दोन सारख्या दिसणाऱ्या जाती पाठीवरच्या ठिपक्यांवरून कशा ओळखल्यास ते अर्धं पान भरून लिहिलंयस, दुसरा ठसा पहिल्याला लागून केसभरही न सरकता कसा बसवायचा ते लिहिलंयस, डग्गा उतरलाय हे तुला कानाने कळतं. बारीक फरक पकडणं. तुला पगार त्याचाच मिळतो. मग क्वालिटीच्या कामावर दोन तुकडे आत्ताच बसतात. एक पायथन: रोजची रीडिंग एक्सेलमध्ये हाताने भरून चार्ट काढता ना, तो चार्ट आपोआप निघेल असं काहीतरी लिही, एकाच मशीनचं, एकाच पार्टचं. तीच तुझी वाटाण्याची कुंडी. दुसरा जपानी: काइझेन, गेम्बा, मुदा, पोका-योके हे क्वालिटीच्या कामातले जपानी शब्द तुमच्याकडे भिंतीभर लावलेले असतात आणि ते मूळ लिपीत वाचता येणारं तुमच्या लाइनवर बहुतेक कुणीच नसेल. डिसेंबरच्या एन-४ चा फॉर्म पुन्हा भर, आणि या वेळी कंपनीत दोन जणांना सांगून भर.

हे नाही पटलं तर दुसरं लुगडंही आहे, पक्ष्यांचं. दर जानेवारीत एशियन वॉटरबर्ड सेन्सस असतो, पाणपक्ष्यांची गणना, तिथे नीट मोजणारी माणसं हवीच असतात, आणि त्या आकड्यांवर पायथन चालवायला तुला कोण अडवणार आहे? गोदावरी-कादवेच्या संगमावरचं तुझं नांदूर मधमेश्वर २०२० मध्ये महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, झालं, आपल्या घरापासून तासाभरावर. ठरव तू. फक्त दोनातलं एकच अंथर आणि गुढीपाडव्यापर्यंत बदलू नकोस.

तबला मात्र यात कुठे शिवू नकोस. प्रत्येक आवडीचं काहीतरी झालंच पाहिजे, त्यातून चार पैसे आलेच पाहिजेत, हे हल्ली फार बोकाळलंय आणि मला त्याची काळजी वाटते. १९७३ मध्ये लेपर, ग्रीन आणि निस्बेट यांनी बालवाडीतल्या चित्रं काढायची आवड असलेल्या मुलांवर प्रयोग केला होता. काही मुलांना आधीच सांगितलं, चित्र काढलंत तर प्रशस्तिपत्रक मिळेल, आणि दिलंही. नंतर मोकळ्या वेळात हीच मुलं बाकीच्यांपेक्षा कमी वेळ चित्रं काढताना दिसली. तबल्याची परीक्षा दिली नाहीस तरी चालेल. रविवारी अर्धा तास वाजव, नवऱ्याला बसव समोर.

आता उरलेलं डोक्यात कसं गोंधळ घालतं त्याबद्दल. अर्धं राहिलेलं काम पूर्ण झालेल्या कामापेक्षा मनात जास्त घोळतं हे ब्लूमा झायगार्निक यांनी १९२७ मध्येच मांडलं होतं, आणि २०११ मध्ये मासिकँपो आणि बाउमायस्टर यांनी दाखवलं की काम पूर्ण करायची गरज नाही, पुढे ते कधी आणि कसं करणार याचा ठोस बेत केला तरी ते टोचणं थांबतं. म्हणून माळ्यावरच्या प्रत्येक डब्यावर एक चिठ्ठी चिकटव. त्यावर "कधीतरी करू" नको, "परत उघडीन तेव्हा पहिली गोष्ट ही", आणि महिना. मशरूमच्या डब्यावर "झालं" असं लिही आणि ते सामान खुशाल कुणाला तरी देऊन टाक. आणि एकाच रात्री अर्धा तास पायथन, अर्धा तास जपानी असं नको करूस, एका कामातून उठून दुसऱ्यावर बसलं तरी मन काही वेळ पहिल्यातच अडकून राहतं, सोफी लरॉय यांनी २००९ मध्ये हेच दाखवलं होतं. सोमवार ते गुरुवार एकच गोष्ट, शनिवार दुसरी. आणि जागरण बंद, सकाळी मापं घ्यायची असतात तुला.

बाबांशी बोलायचं राहिलं. ७० हजार भागिले ८४ महिने, महिन्याला साडेआठशेपण नाहीत, हे त्यांना सांग, पण भांडणात नको, चहा घेताना सांग. बापाची काळजी बहुतेक वेळा पैशाची नसते, आपल्या पोरीला एक काही धड जमलं असं कुणाला सांगता येत नाही याची असते. त्या सहा रुमालांतला एक त्यांना दे. तोंडावर खरं बोलणारे तेच असतील तर फारच बरं.

आणि डग्गा वरून पडलाय ना, तो आधी बघून घे. पुडीला (वरच्या चामड्याला) किंवा शाईला (त्यावरच्या काळ्या गोलाला) चीर गेली असेल तर तशीच वाजवू नकोस, दुरुस्तीला टाक, पावसाळ्यात माळ्यावर ठेवून तो तसाही सैल पडला असेल. दुरुस्त होऊन आला की कसा बोलतोय ते मला कळव.